जुन्या घडीव लोखंडातून वन्यजीव शिल्पे कशी घडवावीत

जुन्या फाटकाचा गज, जहाजाच्या नांगराची साखळी, लाकडी चाकावरची धाव किंवा जुन्या पुलाचा बोल्ट यांत जे लोखंड सापडते ते आज बाजारात मिळणाऱ्या सळईपेक्षा मुळातच वेगळे असते. त्यातून प्राणी-पक्षी घडवायचे असतील तर हा वेगळेपणा आधी समजून घ्यावा लागतो. घडीव लोखंडात कार्बन अत्यल्प, साधारणपणे ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. हेन्री कॉर्ट यांनी १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत वितळलेले बीड (ओतीव लोखंड) भट्टीत ढवळून त्यातला कार्बन जाळून टाकत. मग जो अर्धवट घट्ट गोळा तयार होई तो घणाखाली ठोकून आणि रुळांमधून काढून लांबवत असत. त्या गोळ्यात अडकून राहिलेला काचमय कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ, लांबण्याच्या दिशेने ताणला जाऊन बारीक तंतूंच्या रूपाने लोखंडात कायमचा बसे. वजनाने हा कीट १ ते २ टक्केच असतो, पण बांबूला जसा उभा कल असतो तसा कल तो लोखंडाला देतो. तंतूंच्या दिशेने हे लोखंड चिवट असते, आडव्या दिशेने मात्र ते सहज फाटते.

म्हणून या माध्यमात काम करताना एक गोष्ट सर्वांत आधी ठरवावी: प्राण्याच्या शरीरात जी मुख्य रेषा धावते, त्याच दिशेने लोखंडाचे तंतू धावले पाहिजेत. हे साधले तर मान वळवताना, शिंगे फोडताना, पाय ताणताना लोखंड स्वतःहून साथ देते. हे न पाहता केवळ आकारमान जुळते म्हणून तुकडा उचलला तर उत्तम कारागिराच्या हातातही तो ऐरणीवर चिरतो.

साहित्य कोठून घ्यावे आणि कसे ओळखावे

१८५६ मध्ये बेसेमर यांच्या पद्धतीने स्वस्त पोलादाचा मार्ग खुला झाला आणि पुढच्या काही दशकांत घडीव लोखंड मागे पडत गेले. १८८९ मध्ये उभा राहिलेला आयफेल टॉवर हा या लोखंडाच्या शेवटच्या भव्य उपयोगांपैकी एक होय. आज त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत नाही, त्यामुळे जे काही मिळते ते जुन्या वस्तूंमधूनच मिळते, आणि एकदा ग्राइंडरच्या धुळीत किंवा भट्टीच्या पापुद्र्यांत गेलेले लोखंड परत येत नाही. याच कारणाने, जी वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा जागेवर बसू शकते ती शिल्पासाठी तोडू नये, असे माझे ठाम मत आहे. सुस्थितीतले जुने फाटक ही एखाद्या लोहाराची पूर्ण झालेली कृती असते. तिचा कच्चा माल करण्याचा हक्क आपल्याला नाही. गंजून तुटलेले गज, सुटे बोल्ट, वाकलेल्या साखळ्या, चाक कुजून गेल्यावर उरलेल्या धावा एवढे साहित्य शिल्पकामाला पुरेसे असते. विक्रेत्याकडे वस्तू कोठून आली याची चौकशी करावी आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ती घेऊ नये, कारण जुन्या जाळ्या-कठडे चोरीला जाण्याचे प्रकार सर्वत्र होतात.

जुनी वस्तू म्हणजे घडीव लोखंडच असेल असे नाही. ओळखण्याची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे तुकड्याला करवतीने अर्ध्यापर्यंत खाच पाडून, वाइसमध्ये धरून, खाचेपासून तो थंड असतानाच वाकवणे. घडीव लोखंड असेल तर तुटलेल्या जागी लांब, राखाडी तंतू उलगडलेले दिसतात. मऊ पोलाद न फाटता एकसंध वाकते. बीड मात्र वाकतच नाही, एकदम मोडते आणि तुटलेला भाग दाणेदार दिसतो. दुसरी खूण ग्राइंडरच्या ठिणग्यांची आहे. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, पेंढ्याच्या रंगाच्या असतात आणि त्यांना फाटे जवळजवळ फुटत नाहीत. पोलादात कार्बन जसा वाढतो तशी फाट्यांची संख्या वाढते. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि चाकाजवळ लालसर असतात. जुन्या कठड्यांमध्ये सरळ गज घडीव लोखंडाचे आणि त्यांच्या माथ्यावरची भाल्याची टोके किंवा फुले बिडाची, असा संयोग फार वेळा आढळतो. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो. ते तापवून ठोकले तर त्याचे तुकडे होतात, म्हणून हे भाग आधीच वेगळे काढावेत.

घडीव लोखंडातही दर्जाचे फरक असतात. पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, पुन्हा लाटण्याची क्रिया जितक्या अधिक वेळा झालेली असेल तितके तंतू बारीक आणि एकसारखे असतात. जहाजाच्या साखळ्या आणि चांगले बोल्ट सहसा या उत्तम वर्गातले असतात. धावा आणि साधे गज पुष्कळदा भरड निघतात. भरड लोखंड टाकून देऊ नये. पक्ष्याची चोच त्यातून होणार नाही, पण मगरीची पाठ, झाडाची साल किंवा शिल्पाचा खडकाळ पाया यांसाठी त्याचा खरखरीतपणाच उपयोगी पडतो.

भट्टीत घालण्यापूर्वी

जुन्या लोखंडावरच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीतच धरावी. असा रंग जाळून काढू नये आणि कोरडा घासूही नये, कारण वाफ आणि धूळ या दोन्ही रूपांत शिसे शरीरात जाते व तेथे साठत राहते. रंग काढण्याचे रसायन लावून तो ओला असतानाच खरवडावा, खरवड वेगळी गोळा करावी आणि घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी. ज्या गजांची खालची टोके दगडात बसवलेली होती त्यांच्याबाबत आणखी एक दक्षता आवश्यक असते: अशा भोकांत वितळलेले शिसे ओतून गज पक्के करण्याची रीत होती आणि टोकाला चिकटलेले शिसे गंजाखाली सहज लपून राहते. तो भाग हातकरवतीने कापून बाजूलाच करावा. जस्ताचा थर दिलेले तुकडे शक्यतो घेऊच नयेत, कारण जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे घडाईच्या तापमानाच्या कितीतरी आधीच त्याची वाफ होते, आणि ती श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दोन्ही बाजूंनी बंद असलेली कोणतीही नळी भट्टीत घालू नये. आतली हवा किंवा ओल प्रसरण पावून ती फुटते.

गंज काढण्यासाठी साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून तारेच्या ब्रशने घासणे पुरेसे असते. विजेच्या साहाय्याने धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज उतरवण्याची पद्धतही चांगली आहे, मात्र त्यात धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. शिवाय हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे. डोळ्यांना चष्मा, अंगात जाड सुती कपडे, पायांत चामड्याचे बूट आणि कोळशाच्या भट्टीजवळ खेळती हवा या चार गोष्टींवाचून काम सुरू करू नये. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून त्वचेला चिकटतात.

प्राण्याची निवड आणि निरीक्षण

ज्याला तंतूंचा कल कळला त्याला या लोखंडाला कोणते प्राणी मानवतात हेही लवकर कळते. लांब मानेचे आणि लांब पायांचे पक्षी, शिंगे असलेली हरणे, साप, सरडे, लांब शेपटीची माकडे यांचे शरीर मुळातच रेषांचे बनलेले असते. याउलट हत्तीचे किंवा पाणघोड्याचे भरीव शरीर एका तुकड्यातून घडवणे कठीण असते आणि ते पट्ट्यांच्या सांगाड्यातून सुचवणे अधिक योग्य ठरते.

बगळ्याचे उदाहरण घेऊ. त्याची मान इंग्रजी एस अक्षरासारखी दिसते म्हणून अनेक जण ती सारख्या गोलाईने वळवतात आणि मग तो बगळा न दिसता हंस दिसू लागतो. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो, त्यामुळे त्या जागी मान गोल न वळता ठळकपणे मुडपलेली दिसते. हा एक बाक बरोबर जागी आला की बाकीचे तपशील कमी असले तरी पक्षी ओळखू येतो. पायांबाबतही अशीच चूक सर्रास होते. पक्ष्याच्या पायात मागे वाकलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरे म्हणजे घोटा असतो. गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. बगळ्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, तर सुतार पक्ष्याच्या पायाची सहसा दोन पुढे व दोन मागे असतात. डोळा चोचीच्या मुळाला अगदी लागून असतो आणि चोचीची फट डोळ्याच्या खालपर्यंत मागे जाते. उडता बगळा करायचा असेल तर मान आखडलेली दाखवावी. क्रौंच मात्र मान सरळ पुढे ताणून उडतात.

यासाठी छायाचित्रांपेक्षा प्रत्यक्ष पाहणे कधीही श्रेष्ठ होय. छायाचित्र एक क्षण पकडते, तर तळ्याच्या काठी तासभर बसल्यावर पक्षी आपले वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसे नेतो, भक्ष्य दिसताच छाती कशी खाली येते आणि मान कशी मागे जाते, हे कळते. या निरीक्षणाची तीन-चार रेषांची चित्रे काढावीत. पिसे मोजण्याची गरज नाही. मग निवडलेली मुद्रा प्रत्यक्ष आकारात लोखंडी पत्र्यावर खडूने काढावी. कागद भट्टीजवळ टिकत नाही, आणि तापलेला तुकडा थेट पत्र्यावर ठेवून चित्राशी ताडून पाहता येतो.

किती लोखंड लागेल

एक मऊ तार घेऊन ती खडूच्या रेषेवर वाकवत न्यावी आणि नंतर सरळ करून मोजावी, म्हणजे मान किंवा पाय यांची खरी लांबी कळते. त्यानंतरचे गणित घनफळाचे आहे, कारण ठोकल्याने लोखंड कमी होत नाही, फक्त जागा बदलते. २० मिलिमीटर चौरस गजाचा १०० मिलिमीटर तुकडा ताणून १० मिलिमीटर चौरस केला तर तो ४०० मिलिमीटर लांब होतो. प्रत्यक्षात दर तावाला, म्हणजे भट्टीत तापवण्याच्या प्रत्येक खेपेला, थोडे लोखंड पापुद्र्यांच्या रूपाने झडते, म्हणून हिशेबापेक्षा दहावा हिस्सा जास्त घ्यावा. उरलेले शेवटी कापता येते, कमी पडलेले जोडणे मात्र त्रासाचे असते.

मान, चोच आणि शरीर घडवणे

मऊ पोलादाची सवय असलेल्यांकडून येथे जी चूक होते ती तावाची असते. पोलाद लाल रंगावरही निमूटपणे वळते. घडीव लोखंड त्या रंगावर ठोकले तर कीट ठिसूळ आणि लोखंड मऊ अशी स्थिती असल्याने थर सुटू लागतात. त्याला केशरी-पिवळ्या ते पांढुरक्या पिवळ्या रंगापर्यंत, म्हणजे साधारण ११०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत ताव द्यावा आणि रंग लालीकडे उतरू लागताच ठोकणे थांबवून तुकडा पुन्हा भट्टीत ठेवावा. एका तावात जास्त काम उरकण्याचा मोह टाळावा. रंग बघण्यासाठी भट्टी उन्हात नसावी. प्रखर उजेडात पिवळा रंग केशरी भासतो आणि तुकडा जळेपर्यंत लक्षात येत नाही. पांढऱ्या शुभ्र तेजासह ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळू लागले असे समजावे.

गज ताणण्यापूर्वी आणखी एक पायरी करावी. तुकड्याचे टोक पांढुरक्या तावापर्यंत नेऊन, त्यावर सुहागा (बोरॅक्स) भुरभुरून, हलक्या पण जलद घावांनी चारही बाजूंनी दाबून घ्यावे. जुन्या लोखंडात गंजामुळे किंवा मूळच्या दोषामुळे थर सुटलेले असतात. या तावात आतला कीट पातळ होऊन काही बाहेर फेकला जातो आणि थर पुन्हा सांधले जातात. त्या वेळी वितळलेला कीट दूरवर उडतो, तेव्हा समोर कोणी उभे राहू नये.

चोच नेहमी आधी घडवावी. टोक निमुळते करताना बाहेरचा थर आतल्यापेक्षा पुढे सरकतो आणि टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच पडते. हे टाळण्यासाठी प्रथम अगदी टोकाशी आखूड, बोथट निमुळतेपणा द्यावा आणि मग तो मागे-मागे वाढवत न्यावा. घाव चौरस छेद राखून द्यावेत, नंतर कोपरे मोडून अष्टकोन करावा आणि गोल छेद सर्वांत शेवटी करावा. सुरुवातीपासून गोल ठोकत गेल्यास मध्यभागी चीर पडते. चीर दिसलीच तर ती तेथेच पुन्हा पांढुरक्या तावात सांधून घ्यावी. तिच्यावर ठोकत राहिल्यास ती आत शिरते.

डोक्याच्या मागे जेथे मान सुरू होते तेथे गोलसर धारेच्या हत्याराने दोन्ही बाजूंनी घळ पाडावी आणि त्यापुढचा भाग ताणून मान करावी. मानेचा छेद सर्वत्र सारखा ठेवू नये. डोक्याजवळ ती बारीक असते आणि छातीकडे जाताना रुंदावते, आणि हा बदल वळण देण्यापूर्वीच करावा लागतो, कारण वळवलेल्या मानेवर नंतर घाव घातले तर वळण बिघडते. वळवताना आधी मधला ठळक बाक ऐरणीच्या काठावर द्यावा, मग वरची व खालची सौम्य वळणे ऐरणीच्या निमुळत्या टोकावर घ्यावीत, आणि दर वेळी तुकडा खडूच्या चित्रावर ठेवून पाहावा. बाकाच्या बाहेरच्या बाजूला तंतू ताणले जातात, म्हणून तेथे ताव पूर्ण असावा.

शरीरासाठी दोन मार्ग आहेत. मानेसाठी घेतलेल्याच जाड गजाचा मागचा भाग न ताणता ठेवून तो चपटा करत छाती व पाठ घडवता येते. यात मान शरीरातून उगवल्यासारखी दिसते आणि तंतू चोचीपासून शेपटीपर्यंत अखंड राहतात. मला हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. मोठ्या शिल्पात मात्र वजन फार होते, तेव्हा धावेच्या पट्ट्या पिसांसारख्या एकमेकींवर चढवून पोकळ शरीर बनवावे. पट्टी वाकवताना मुडपण्याची रेषा तंतूंना आडवी असावी. ती तंतूंना समांतर गेली तर पट्टी उभी चिरते. बगळ्याच्या छातीवर लोंबणारी लांब पिसे करण्यासाठी पट्टीचे टोक गरम असताना छिन्नीने तंतूंच्या दिशेने अनेक जागी फोडून, प्रत्येक पाकळी वेगळी ताणावी. पोलादाच्या पट्टीत यासाठी प्रत्येक काप मोजून घ्यावा लागतो. येथे लोखंड स्वतःच्या रेषेने फुटते आणि पिसांना जिवंत अनियमितपणा येतो.

शिंगेही अशीच फोडून घडवावीत. सांबराच्या शिंगाला जेथे फाटा हवा तेथपर्यंत गज उभा चिरावा, परंतु चिरण्यापूर्वी चिरेच्या शेवटच्या बिंदूवर लहान भोक पाडून ठेवावे, म्हणजे चीर तंतूंबरोबर पुढे पळत नाही. फाट्याच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई द्यावी. तीक्ष्ण कोपरा पुढच्या घावाला फाटतो. भोक रुंद करायचे असल्यास त्याच न्यायाने ते आधी तंतूंच्या दिशेने लांबट पाडून मग गोल सळईने फुगवावे, म्हणजे तंतू न तुटता भोकाभोवती वळतात.

डोळ्यासाठी गोल टोकाच्या पंचचा एकच घाव पुरेसा असतो. पापण्या, बाहुली, नाकपुडी असे सगळे कोरण्याचा हट्ट धरू नये; लोखंडात सावलीच डोळ्याचे काम करते.

सांधे

या लोखंडासाठी रिव्हेट, चूल-भोक (एका तुकड्याच्या टोकाची खुंटी, म्हणजे चूल, दुसऱ्याच्या भोकात बसवणे) आणि गरम पट्टीचा आवळ हे जुने सांधेच सर्वांत भरवशाचे आहेत. पायाच्या खालच्या टोकाला बारीक चूल घडवावी, ती तळपट्टीच्या भोकातून खाली काढावी आणि व्यासाच्या सव्वा ते दीडपट बाहेर राहिलेला भाग तापवून ठोकून पसरवावा. विजेच्या वेल्डिंगने जोडता येते, मात्र आतला कीट सांध्यात येऊन छिद्रे पडतात. म्हणून कडा चांगली उतरती करून, कमी हायड्रोजनचा रॉड वापरून, सावकाश आणि अनेक थरांत वेल्डिंग करावे. पट्टीच्या सपाट पृष्ठावर काटकोनात काहीही वेल्ड करू नये, कारण ओढ बसली की वेल्ड टिकतो आणि पट्टीचा वरचा थरच उचकटून येतो.

तळपट्टीवर पाय पक्के करण्यापूर्वी शिल्प तात्पुरते उभे करून पाहावे. मान पुढे झेपावलेल्या पक्ष्याचे वजन पायांच्या पुढे जाते. ते पावलांच्या घेरात येत नसेल तर तळपट्टी जड करण्याआधी घोट्याचा कोन बदलून पाहावा, कारण खरा पक्षीही तोल तसाच सांभाळतो.

पृष्ठ आणि जतन

घरात ठेवायच्या शिल्पावर रंग देऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. पापुद्रे तारेच्या ब्रशने काढल्यावर एखाद्या ठिकाणी, विशेषतः मानेवर किंवा छातीवर, पृष्ठभाग कानसीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत करून त्यावर फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण लावले तर लोखंड किंचित खरवडले जाऊन तंतू उठून दिसतात. हातमोजे घालावेत, द्रावण हवे तेवढेच राहू द्यावे आणि मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. त्यानंतर शिल्प हाताला सहन न होण्याइतके, पण रंग न बदलेल एवढे गरम करून त्यावर मेण आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण कापडाने चोळावे. जवसाच्या तेलात भिजलेली कापडे गोळा करून ठेवल्यास ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

उघड्यावर राहणाऱ्या शिल्पाला मेण पुरत नाही. त्यावर जस्तयुक्त प्राइमर आणि वरून रंग द्यावा, आणि त्याआधी पाणी साचेल अशी प्रत्येक जागा शोधावी: पिसांच्या थरांमधल्या फटी, शिंगांच्या बेचक्या, पोकळ शरीराचा तळ. पोकळीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याचे भोक ठेवावे. फटींमध्ये प्राइमर जोडणी करण्यापूर्वीच लावावा, कारण नंतर ब्रश तेथे पोहोचत नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा रिव्हेटांच्या कडा तपासाव्यात आणि जेथे तांबूस ओघळ दिसेल तेथे खरवडून पुन्हा प्राइमर लावावा. तळपट्टीच्या खालच्या बाजूला हे लोखंड कोणत्या वस्तूतून आले ते अक्षरांच्या ठशांनी कोरून ठेवावे, म्हणजे पुढे शिल्पाची दुरुस्ती करणाऱ्याला ते साधे पोलाद समजून लाल तावावर ठोकण्याची चूक होणार नाही.